शाईपेनात ‘लेडीज’ आणि ‘जेंट्स’ कशाला?

कंपासपेटी, टिळकवाडी

नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात शाईपेन मागितलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘लेडीज का जेंट्स?’ निब कसली हवी, रोज किती लिहिणार, शाई कुठली, हे सगळं नंतर. लेडीज म्हटलं की काचेखालून बारीक, आखूड, सोनेरी नाहीतर गुलाबी पेन निघतं आणि टोपणावर एक खडा असतो. जेंट्स म्हटलं की काळं, जाड, वजनदार.

माझी भाची यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी झाली, सायन्सला गेलीय. पानंच्या पानं लिहिते, दाबून लिहिते. तिला जाड पकडीचं, मीडियम निबचं पेन हवं होतं. ‘मुलीच्या हातात शोभणार नाही’ असं तिच्या तोंडावर सांगितलं गेलं. पोरगी काही बोलली नाही, खरं मला ते फार लागलं.

निबला, निबखालच्या जिभेला, शाईला कुणाचा हात आहे ते कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. तरी विचारते. एक, ही वाटणी आली कुठून? दोन, हाताच्या मापाचा खरंच काही संबंध आहे का? आणि तीन, फार महाग नसलेलं, तीन तास न थांबता चालणारं पेन भाचीला कुठलं घ्यावं?

खानापूरकर

शोभायला ती पेनानं लिहिणार आहे की ते घालून हळदीकुंकवाला जाणार आहे?

गल्लीतला_दुकानदार

ताई, दुकानदाराची बाजू पण ऐका की. मी बाजारात स्टेशनरीच विकतोय.

शाईपेन घ्यायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा स्वतः लिहिणारं नसतंय. रोजच्या लिहिण्याला लोक जेल पेन नेतात. शाईपेन नेतात ते द्यायला. वाढदिवस, राखी, निकाल, निरोप समारंभ. ‘पुतणीला द्यायचंय, जरा छान दाखवा,’ म्हणतात. यातलं छान म्हणजे डबी छान, चमक छान. निब उघडूनसुद्धा बघत नाहीत. कंपनीची खोकी पण तशीच येतात, बाईचा फोटो असलेलं वेगळं, टाय लावलेल्या बाप्याचं वेगळं. लग्नात द्यायला जोडीचा सेट येतो, त्यात नवऱ्याचं पेन मोठं आणि बायकोचं त्याच्या पाऊणपट. मी जाड पेन मुलीसाठी काढलं तर गिऱ्हाईकच म्हणतंय, ‘अहो, हे तिच्या बाबांना द्यायचं वाटतंय.’

एक मात्र खरं सांगतो. परीक्षेआधी कॉलेजच्या मुली स्वतःच्या पैशानं पेन घ्यायला येतात. त्यांतली कुणी आजवर ‘लेडीज दाखवा’ म्हटलेलं मला आठवत नाही. कागद मागतात, स्वतःचं नाव लिहितात, दोनतीन आडव्या रेघा मारतात, निब कागदाला धरली तर परत देतात. चालली की घेतात, रंग शेवटी बघतात.

कंपासपेटी

दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद चौकटीत लावून दुकानात टांगावा असा आहे. लिहिणारी स्वतः आली की लेडीज-जेंट्स गळून पडतं. विकत घेणारा दुसरा असला की ते चिकटतं.

जुनी_निब, शहापूर

वाटणी कुठून आली याचं पहिलं उत्तर कपड्यांत आहे.

शंभर वर्षांपूर्वीच्या युरोप-अमेरिकेत पुरुषाच्या कोटाला खिसा होता म्हणून पेनाला क्लिप आली. बाईच्या कपड्यांना खिसा नव्हता म्हणून टोपणाच्या डोक्यावर कडी आली. ती फितीत किंवा साखळीत ओवून पेन गळ्यात घालायचं. पार्करनं १९२१ साली ड्युओफोल्ड काढलं. लालभडक, धिप्पाड, ‘बिग रेड’ म्हणून गाजलेलं. त्याच घरात ‘लेडी ड्युओफोल्ड’ जन्मलं, आखूड आणि कडीवालं. तेव्हाच्या जाहिरातींत किमती छापलेल्या असत: मोठं सात डॉलर, ‘ज्युनियर’ पाच, ‘लेडी’ पाच. शिकलेल्या, कमावत्या बाईला पोराच्या पंगतीत बसवलं ते तिथं. पुढं वॉटरमननं १९२९ मध्ये ‘पॅट्रिशियन’ काढलं आणि मागोमाग त्याची ‘लेडी पॅट्रिशिया’.

पण आखूड पेन म्हणजे बायकी, ही समजूत तेव्हाही पक्की नव्हती. कडीची पेनं पुरुष घड्याळाच्या साखळीला अडकवत. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कावेको कंपनीनं १९११ मध्ये खिशात मावणारं, न गळणारं छोटं पेन काढलं ते ‘स्त्रिया, अधिकारी आणि खेळाडू’ अशा तिघांसाठी. कावेको स्पोर्ट आजही मिळतं, टोपण मागं लावलं की पूर्ण लांबीचं होतं.

खरी भिंत उभी राहिली ती १९५८-५९ मध्ये. अमेरिकेतल्या शेफर कंपनीनं १९५८ साली ‘लेडी शेफर’ आणलं. ट्वीड, कॉर्डरॉय, पेझली अशी कापडांची नक्षी धातूवर, आणि विक्री दागिन्याच्या थाटात. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीनं ‘पेन फॉर मेन’ आणलं, पी.एफ.एम. नावाचं. जाड, मोठं, निब थेट पकडीत बसवलेली. आणि नीट बघा: बाईच्या पेनात कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली तयार नळी, संपली की नवी बसवा. पुरुषाच्या पेनात स्नॉर्केल, म्हणजे मागचं बटण फिरवलं की निबखालून बारीक नळी बाहेर येते, फक्त तीच दौतीत बुडते, निबला शाई लागतही नाही. शेफरनं ते १९५२ मध्ये आणलं होतं आणि शाईपेनात इतकं गुंतागुंतीचं यंत्र दुसरं सापडणं अवघड. कार्ट्रिजची साधी पेनं शेफर इतरांसाठीही करायची, हे मान्य. पण ज्या दोन पेनांच्या नावातच बाई आणि पुरुष आहेत, त्यांत नक्षी एकीकडं गेली आणि यंत्र दुसरीकडं. मला याचा राग येतो. माझ्या आईला शिलाई मशीन खोलून, तेल घालून परत जोडता यायची. तिच्या हातात स्नॉर्केल दिलं असतं तर तिनं दुपारभरात त्याची सगळी अंडीपिल्ली काढली असती.

पी.एफ.एम. दहा वर्षांच्या आसपास चाललं आणि बंद झालं. त्याची ती पकडीत बसवलेली निब मात्र शेफरनं सोडली नाही. ती त्यांच्या इम्पीरियल पेनात आली, मग १९७६ च्या टार्गामध्ये आली. चांगलं होतं ते टिकलं, नाव गळून गेलं.

खानापूरकर

‘स्त्रिया, अधिकारी आणि खेळाडू’! म्हणजे कॅम्पातल्या लष्करी साहेबांना आमच्या दुकानात पाठवलं तर लेडीज काउंटरवरच जावं लागणार.

मलप्रभा

जुनी_निब सर, खिशाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून शाळा आठवली. मुलांच्या पांढऱ्या शर्टाला छातीवर खिसा असायचा. आमच्या फ्रॉकला नसायचा, पुढं पंजाबी ड्रेसलाही नाही. मुलगा वर्गात शिरायचा तो पेन खिशाला लावूनच. आमचं पेन कंपासपेटीत, कंपास दप्तरात. फळ्यावर काही लिहून घ्यायचं असलं, सरांना पटकन सही करायला पेन हवं असलं, की हात मुलांच्या खिशाकडं जायचा. पेन कुणाचं दिसतं आणि कुणाचं दिसत नाही, याची सवय डोळ्यांना तिथं लागली. अजूनही कुर्ता शिवायला टाकताना मी शिंप्याला खिसा मागते, तर तो ‘मोबाइलला का?’ विचारतो. पेनाला म्हटलं की हसतो.

निपाणीची_लेक

मलप्रभाताई, खिशावरून मला पण लिहायचंय.

माझी आई विड्या वळायची. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विडीचं काम यांवर किती घरं चालली हे सीमाभागातल्यांना सांगायला नको. घरी वळलेल्या विड्या सुपात घालून आई मोजून द्यायला जायची, मी बरोबर असायची. तिथं मोजून घेणाऱ्याच्या खिशाला शाईपेन असायचं. किती विड्या नापास, किती धरल्या, हे तो त्या पेनानं वहीत लिहायचा. आईला अक्षरओळख नव्हती. ती विडी बघत नसे, त्या निबेकडं बघत असे. परत येताना एकदा म्हणाली, ‘त्याच्याकडं पेन हाय म्हणून त्याचा आकडा खरा.’

मला पहिलं शाईपेन तिनं घेतलं ते गावच्या बाजारातलं, काळं, चांगलं जाडजूड, ड्रॉपरनं शाई भरायचं. दुकानात मुलींचं-मुलांचं काही नव्हतं, एकाच खोक्यात सगळी पेनं. ते घेऊन मी पुढच्या वेळी आईबरोबर गेले आणि आमचा आकडा आमच्या वहीत लिहून आणला. मोजून घेणारा काही बोलला नाही. त्या दिवसापासून आमच्या नापास विड्या कमी झाल्या हे मात्र आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली.

म्हणून मुलींसाठी पेन म्हणजे खडे लावलेली नाजूक वस्तू, हे बघितलं की माझ्या पोटात तुटतं. आईनं मला ते दागिना म्हणून दिलं नव्हतं.

कंपासपेटी

ताई, काय लिहिलंय ओ तुम्ही. भाचीला वाचून दाखवते आज.

गुलाबी_शाई, अनगोळ

इथं सगळे एका बाजूला गेलेत, म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. मला बारीक पेन आवडतं. गुलाबी आवडतं. टोपणावर खडा असला तर जास्तच आवडतं. माझा हात लहान आहे, बोटं आखूड आहेत, जाड पेन धरलं की अंगठा दुखतो. माझ्या नवऱ्याचं जड पितळी पेन मी अर्धं पानसुद्धा चालवू शकत नाही. बँकेत दिवसभर सह्या असतात आणि माझं छोटं पेन पर्समध्ये आडवं मावतं. आता मी ते वापरते म्हणजे कंपनीनं मला फसवलंय असं कुणी म्हणू नये. सुंदर वस्तू हातात धरण्याचा आनंद पण आनंदच आहे.

खानापूरकर

तुमचा खडा तुम्हाला लखलाभ, ताई. भांडण तुमच्याशी नाही. तुम्हाला बारीक हवंय आणि ते मिळतंय, तिला जाड हवंय आणि तिला ते दाखवतच नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

हात_आणि_मनगट, हिंदवाडी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रश्न क्रमांक दोनकडं वळते.

हातांची मापं वेगवेगळी असतात आणि सरासरीनं बायकांचे हात लहान असतात, हे खरं. पण सरासरी लिहायला बसत नाही, एकेक माणूस बसतं. माझ्याकडं येणाऱ्यांत जाडजूड बोटांच्या बायका आहेत आणि नाजूक पंजाचे पुरुष आहेत.

दुसरं, लहान हाताला बारीक पेन, हे समीकरणच तपासायला हवं. पेन जितकं बारीक तितकं ते बोटांत फिरतं, निसटतं, म्हणून आपण ते जास्त आवळून धरतो. आवळण्यानं अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो. संधिवाताच्या रुग्णांना आम्ही पेनावर फोमची जाड नळी चढवून देतो, ती पकड जाड करण्यासाठीच. आणि बोटांच्या सांध्यांचा आमवात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. म्हणजे ज्यांना जाड पकड लागण्याचा संभव अधिक, त्यांच्याच नावानं सगळ्यांत बारीक पेनं निघतात.

गुलाबी_शाई, तुमचा अंगठा दुखतो तो जाडीनं की वजनानं, हे करून बघा. पितळी पेन जड असतं. जाड पण हलकं, प्लास्टिक किंवा एबोनाइटचं (कडक रबराचं) पेन घ्या आणि टोपण मागं न लावता एक पान लिहा. मागं टोपण लावलं की वजन शेपटाकडं जातं आणि निब खाली ठेवायला अंगठा राबतो.

शाईपेनाचा फायदा असा की ते दाबायला लागतच नाही. बॉलपेनला दाब लागतो. तुमची भाची दाबून लिहिते म्हणालात ना, कंपासपेटी, तिची ती सवय चांगल्या शाईपेनानं सुटेल.

डावरा

लेडीज-जेंट्सवर कंपन्यांनी एवढी डोकी लावली, आम्हा डावऱ्यांवर कुणीतरी लावा ओ. आम्ही पेन ओढत नाही, ढकलतो, निब कागदात रुतते आणि वर तळहात ओल्या शाईवरून फिरतो. लहानपणी हात निळा म्हणून मार खाल्लाय. लॅमी कंपनी डावऱ्यांसाठी वेगळी निब करते, ती वापरायला लागल्यापासून सुख आहे. शरीरात खरा फरक आहे तिथं वेगळी वस्तू करायला कुणाची ना आहे?

चिकोडी_वकील

डावरा, अगदी. माझ्याकडं हैदराबादच्या डेक्कन कंपनीचं एबोनाइटचं ‘अ‍ॅडव्होकेट’ पेन आहे, थोराड, ड्रॉपरनं भरायचं. नाव धंद्यावरून, बाईवरून-बाप्यावरून नाही. मी ते कोर्टात काढलं की पक्षकार आधी माझ्याकडं बघतात, मग पेनाकडं. एका आजोबांनी विचारलं, ‘वडिलांचं काय?’ म्हटलं, माझंच, माझ्या फीमधून घेतलेलं.

जर्मनीच्या पेलिकनची पद्धत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. त्यांच्या सूव्हरेन पेनांना आकडे आहेत: चारशे, सहाशे, आठशे, हजार. आकडा वाढला की पेन मोठं होतं. चपलेचं माप जसं पायाला लावून घेतो, तसं घ्या.

जुनी_निब

वकीलबाई, आणखी एक भर घालतो. माँ ब्लाँ कंपनीची लेखकांच्या नावांची एक मालिका आहे, १९९२ मध्ये हेमिंग्वेपासून सुरू झाली. १९९३ मध्ये त्यांनी अगाथा ख्रिस्तीच्या नावाचं पेन काढलं. काळंभोर, भरीव, क्लिपच्या जागी साप. ते लेडीज पेन म्हणून ओळखलं जात नाही. त्याच कंपनीनं पुढं ग्रेटा गार्बोच्या नावानं काढलेल्या पेनाला क्लिपवर मोती लावला. लेखिकेला साप, अभिनेत्रीला मोती. मला साप हवा, परवडत नाही ही गोष्ट वेगळी.

मलप्रभा

बॉलपेनात तर याहून गंमत. २०१२ साली बिकचं ‘फॉर हर’ नावाचं बॉलपेन ऑनलाइन विक्रीच्या पानावर आलं आणि बायकांनी त्याखाली अभिप्रायांचा पाऊस पाडला. ‘आता कुठं मला लिहिता येऊ लागलं’ या थाटाचे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत महिला दिनाच्या एका जाहिरातीवरून त्याच कंपनीला माफी मागावी लागली.

पैशाचं पण बघा. २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्यानं वेगवेगळ्या वस्तू तपासल्या, तेव्हा बायकांसाठी म्हणून विकलेल्या वस्तू सरासरी सात टक्क्यांनी महाग निघाल्या. त्यात शाईपेनं नव्हती, खेळणी, कपडे, साबण-शाम्पू असलं होतं. पण गुलाबी रंगाची किंमत कोण भरतं ते कळतं.

बाई_निवृत्त, वडगाव

मी मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलं. आपल्याकडच्या निरोप समारंभाचा मुद्दा दुकानदार दादांनी ओझरता लिहिलाय, तो मी पुरा करते.

सर निवृत्त झाले की शाल, श्रीफळ आणि पेन. बाई निवृत्त झाल्या की साडी, ओटी आणि चांदीचा करंडा. वर्षानुवर्षं हेच. वर्गणी मीच गोळा करायचे म्हणून सांगते, यावर कधी चर्चासुद्धा होत नसे. खरं तर शाळेत सगळ्यांत जास्त कोण लिहितं? हजेरी, टाचणवही, प्रगतिपत्रकं, तीही मराठीत आणि वर पाठवायचे तक्ते कन्नडमध्ये. आमच्या स्टाफरूममध्ये सुवाच्य अक्षर म्हणून शाळेचे सगळे दाखले एका बाईंकडून लिहून घेतले जात. त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना पण करंडाच मिळाला. मुख्याध्यापकांचं भाषण त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

माझी वेळ आली तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं, साडी नको, पेन द्या. सहकारी गोंधळले, मग मनापासून आणलं. आणलं ते अर्थात ‘लेडीज’! बारीक, सोनेरी. प्रेमानं दिलेलं, म्हणून जपून ठेवलंय. पण ते एवढं आखूड की आत शाई ओढायचा कन्व्हर्टर बसत नाही, फक्त छोटं कार्ट्रिज. त्यात एक मिलिलिटरसुद्धा शाई मावत नाही, आणि ती कार्ट्रिजं आपल्याकडं मिळत नाहीत. म्हणजे लिहिणारीच्या हातात दिलेलं पेन लिहूच शकत नाही. नाजूकपणाचा खरा तोटा हा आहे, पोरींनो. दिसण्यासाठी पोट कापलं की शाई कमी पडते.

गल्लीतला_दुकानदार

बाई, त्या कार्ट्रिजला इंजेक्शनच्या सुईनं दौतीतली शाई भरता येते. रिकामं टाकू नका. पेन घेऊन या, मी भरून देतो, पैसे नकोत.

हुक्केरीचा_शेजारी

माझी मातृभाषा कन्नड, शेजार मराठी, लिहितो दोन्ही. बाईंनी दोन भाषांतल्या तक्त्यांचं लिहिलं म्हणून सुचलं. कन्नड अक्षरं गोल, निब वळणावर अडली की चिडचिड होते, म्हणून मला गुळगुळीत, थोडी ओली निब लागते. मराठीला वर शिरोरेषा, तिथं जरा रुंद निब असली की ओळ भारदस्त दिसते. निब निवडताना दुकानदारानं ‘मराठी लिहिता का कन्नड?’ विचारलं तर ते उपयोगी पडेल. आमच्या भागात बहुतेकांचं उत्तर दोन्ही.

खानापूरकर

आणि दुकानाच्या पाटीवर मात्र एकच...

धागा_संपादक

खानापूरकर, पाट्यांचा विषय दुसऱ्या धाग्यावर चालू आहे, तिकडं जा. इथं पेनच राहू द्या. भाचीच्या पेनाचं अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

जुनी_निब

खरंय. कंपासपेटी, मला सुचतात ती सांगतो.

लॅमी सफारी. १९८० मध्ये हे खास शाळकरी मुलांसाठी काढलं. पकड तिकोनी घडणीची, बोटं आपोआप जागेवर बसतात. अंग एबीएस प्लास्टिकचं, हलकं. शाई किती उरली ते बघायला खिडकी. मुलांचं-मुलींचं असा भेद नाही, फक्त रंग. निब ओढून काढता येते, बदलता येते.

पायलट काकुनो. जपानी, हेही नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी काढलेलं, निबवर हसरा चेहरा कोरलेला. तो चेहरा तुमच्याकडं बघत असला की निब सरळ धरलीय हे कळतं. जपानी मीडियम आपल्या फाइनच्या जवळ जाते, हे लक्षात ठेवा.

आणि तिसरं, आपल्याकडचं ड्रॉपरचं एबोनाइट पेन. दाक्षिणात्य कारागिरांनी ही कला जिवंत ठेवलीय. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम नावाच्या कारागिरानं गांधीजींच्या सांगण्यावरून स्वदेशी पेन करायला घेतलं, आणि १९२४ मध्ये याच बेळगावात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष होते, म्हणून मला त्या पेनाचं जरा जास्तच प्रेम. अशा पेनात कार्ट्रिजच्या दुप्पट-तिप्पट शाई मावते. तीन तासांच्या पेपरला मध्ये भरायची गरज नाही. मात्र शाई तळाला गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि थेंब पडतो. म्हणून पेपरला जाताना पेन पूर्ण भरून न्यायचं.

हात_आणि_मनगट

दाबून लिहिणाऱ्या मुलीला आधी सफारी. सवय सुटली की एबोनाइट.

गुलाबी_शाई

सफारी गुलाबी रंगात पण निघालंय, एवढं सांगून ठेवते. आणि फिजिओ ताई, टोपण न लावता लिहून बघितलं. अंगठा कमी दुखला. नवऱ्याचं पेन मात्र परत दिलं, ते जडच आहे.

कंपासपेटी

सगळ्यांचे आभार. काल भाचीला घेऊन परत बाजारात गेले, दुसऱ्या दुकानात. आत शिरताच मीच बोलले, ‘मुलगी तीन तास लिहिते, निब मीडियम, पकड जाड, लिहून बघणार.’ ‘लेडीज’ शब्द आलाच नाही. चारपाच पेनं काउंटरवर आली, तिनं प्रत्येकानं स्वतःचं नाव मराठीत, कन्नडमध्ये लिहिलं. पिवळं सफारी घेतलं. निपाणीच्या ताईंची गोष्ट तिनं वाचलीय, एबोनाइटचं पेन तिला पुढच्या वर्षी स्वतःच्या बक्षिसाच्या पैशातून घ्यायचंय.

आता शाईचं सांगा. पावसात आमच्याकडं कागद ओलसर होतो, शाई फुटते. वहीच्या मागच्या पानावर उमटते.

गल्लीतला_दुकानदार

जून ते सप्टेंबर फाइन निब चालवा, शाई कमी सुटते. सफारीची निब बदलता येते म्हणून फाइन एक वेगळी घेऊन ठेवा. वह्या कपाटात वरच्या फळीवर, भिंतीला न टेकवता. कॅमल किंवा ब्रिलची रॉयल ब्लू कुठंही मिळते, स्वच्छ धुते. पावसाळ्यात शाईत पाणी घालून पातळ करू नका, पोरं करतात.

निपाणीची_लेक

आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं पेन धुवायचं, गरम पाण्यानं नाही. निब खाली करून रात्रभर फडक्यावर उभं ठेवलं की सकाळी कोरडं होतं. भाचीला सांगा, पेन धुवायला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही.